हस्तीमल शेठ जागा धरतात

दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांच्या देखत, आमच्या हस्तीमल शेठनी एका जुन्या डब्याच्या खिडकीतून आत रुमाल टाकला आणि जागा धरली. डब्याला इंजिन नव्हतं. पुढचा रूळ गवतात जाऊन संपत होता. पण शेठ दारातून आत शिरले, रुमालाशेजारी ऐसपैस बसले आणि धावत आलेल्या पहारेकऱ्याला म्हणाले, "कितने बजे छूटेगी?"

"चाचा, ये नहीं छूटती."

"हरकत न्हाई," शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "आमी बसतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी एसटीतला रिटायर कंडक्टर, गावाच्या तोंडी 'मास्तर'. रुमालाने धरलेल्या जागांवरून होणारी भांडणं मिटवण्यात माझी उभी हयात गेली. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, आळेफाट्याला तर एकदा जिवंत कोंबडी आत आलेली मी पाहिलीय. पण ती एसटीत! सुटणाऱ्या गाडीत!

आता यात एकट्या शेठचा दोष नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वेच नाही. लोकांच्या गावाला रेल्वे येते, आमच्या गावाला रेल्वेचा सर्व्हे येतो. माणसं येतात, बांधावर खुणा करतात, चहा पितात आणि जातात. मग स्टेशन कोणाच्या गावात होणार यावरून चौकात आठवडाभर भांडणं चालतात. त्यामुळे गाडी म्हटली की आधी रुमाल, हे आमच्या अंगात एसटीनंच भिनवलंय.

नारायणगावच्या पेठेत, माझ्या दारासमोर शेठचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. जीभ मात्र अस्सल इथली. नाव हस्तीमल आणि अंगकाठी टोमॅटोच्या वेलाला आधाराला लावतात तेवढी. एकदा खोडदची एक बाई अस्तर घ्यायला आली, तर शेठनी मीटरपट्टी हातात धरून तिला इंजिनाचा दांडा कसा हलतो ते दाखवलं. पट्टी पुढे, पट्टी मागे, तोंडाने भस्सऽ भस्सऽ, आणि शेवटी अशी शिट्टी की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. बाई म्हणाली, "शेठ, इंजिन ऱ्हाऊ द्या, अस्तर द्या. माझी जीप भरत आली."

जिथं म्हणून जुनं इंजिन उभं आहे तिथं शेठ जाणार. गेल्यावर आधी त्याच्या पोटावर हात ठेवणार, डॉक्टरसारखा, आणि म्हणणार, "गार पडली बिचारी." मग डबे. मग रुमाल. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून त्याच डब्यात बसून खाखरा खायचा प्रयत्न करणार आणि पहारेकऱ्याच्या शिव्या खाणार. शिव्या अर्ध्या मला.

मला का? तर सोबत मी असतो म्हणून. खरं तर शेठना सोबत हव्या असतात कांचनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी. एकदा तरी वहिनींनी आपल्यासोबत गाडीत बसावं, एवढी एकच हौस. दर वेळी निघायच्या आधी गल्ल्यावरूनच आत हाक मारणार, "येती का गं?"

आतून उत्तर, "न्हाई."

"खिडकीची जागा देतो."

"खिडकी घरात बी हाय."

की शेठ रस्ता ओलांडून माझ्याकडे येणार. "मास्तर, चला." थोडक्यात, मी स्टेपनी. पण खाखरा चांगला असतो, म्हणून जातो.

यंदा मात्र नवल झालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या आपणहून म्हणाल्या, "त्याच्या आधी एकदा काय ती गाडी दाखवा. म्हंजे तुमची कटकट मिटंल. पण मी पळणार न्हाई आन् उभी ऱ्हाणार न्हाई."

शेठ हवेतच! नेरळहून माथेरानची छोटी गाडी ठरली. चार दिवस दुकानात शिट्ट्या. गिऱ्हाईकाला साडी दाखवताना पदराचा घाट करायचे आणि त्यावरून काडेपेटी चढवायचे. मलाही हुकूम सुटला, "मास्तर, तुमी बी चला. तुमच्या वहिनीला हात द्यायला एक बाजूला मी, एक बाजूला तुमी."

जीप करून माळशेज उतरून आम्ही नेरळ गाठलं. तिकिटं हातात. वहिनी बाकावर. इतक्यात इंजिनाने दोन-तीन डबे ढकलत आणले मात्र, शेठच्या अंगात आळेफाटा संचारला! "मास्तर, लागली!" म्हणत ते धावले. धावता धावता रुमाल आत टाकला. एका रुमालावर भागेना म्हणून वहिनींची शाल टाकली, खाखऱ्याचा डबा टाकला, गुडघ्याच्या गोळ्यांची पिशवी टाकली. "झाली! खिडकी झाली!" असं ओरडून वळले, तर डबे निघाले उलटे.

"ओ, थांबवा! बेल मारा!" शेठ मागे, त्यांच्यामागे मी. फलाटावरची माणसं पोट धरून हसत होती. इंजिनावरच्या माणसाने खाली उतरून सामान आणून हातात दिलं. "काका, ही गाडी नाय जायची. दुरुस्तीला चाललीय शेडमध्ये."

या वेळी शेठ 'हरकत न्हाई' म्हणाले नाहीत. तोंड एवढंसं झालं होतं. वहिनी आता उठणार आणि 'चला घरी' म्हणणार, या भीतीने त्यांना बाकाकडे बघवेना. मला राव त्या माणसाची खरंच कीव आली.

पण वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. खरी गाडी लागली तेव्हा आमचा तमाशा बघितलेल्या कॉलेजच्या पोरी आधीच आत होत्या. त्यांनी सरकून शेजारशेजारच्या दोन जागा दिल्या. "आजी, तुम्ही खिडकीत." मी समोर बसलो.

गाडी हलली. आता शेठ घाट, चाक, ब्रेक सगळं सुरू करणार म्हणून मी कान झाकून घेतले. पण शेठ नुसते बाकाच्या कडेला अर्धे टेकून बसलेले. आणि वहिनींच्या डोळ्यांतून पाणी.

"वहिनी, गुडघा दुखतोय का?"

"न्हाई वो मास्तर. लगीन होऊन आले ना मारवाडातून, तवा अख्खी वाट रडत आले. बायका डब्याच्या एका टोकाला, पुरुष दुसऱ्या. ह्यांचं तोंड बी नीट पाहिलं नव्हतं. तवापासून गाडीत बसायचं नावच नको वाटतं."

"मला ऐकू येत व्हतं," शेठ म्हणाले.

वहिनी वळल्या. "काय?"

"तुझं रडणं. बाबूजी शेजारी व्हते. बायकांत जायची रीत नव्हती. दोनदा उठलो, दोनदा खाली बसलो. छाती झाली न्हाई." शेठ आपल्या चपलांकडे बघत बोलत होते. "म्हणून म्हणत व्हतो एवढी वर्षं, येती का. तुझ्याशेजारी येऊन बसायचं राहिलं व्हतं."

उगाच खोकून मी खिडकीबाहेर पाहिलं.

वहिनी मग डोळे पुसून म्हणाल्या, "मंग बसा की नीट. कडंला काय टेकलाय परक्यावानी."

शेठ सरकून बसले. मोठं वळण आलं आणि आमचंच इंजिन पुढे अख्खं दिसायला लागलं. "ते बघा इंजिन!" म्हणून सगळा डबा त्या बाजूच्या खिडक्यांवर तुटून पडला, मीसुद्धा. शेठ तेवढे जागचे हलले नाहीत.