डोक्यातून उगवलेला खांब

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी आपापले फोन पालथे ठेवावेत. आख्यान लहानसंच आहे. पण त्यात मरण आहे, कीर्ती आहे आणि मधे भाजलेल्या लाल मिरच्या आहेत. एका बैठकीच्या श्रवणाला एवढं पुष्कळ झालं.

माणूस दोनदा जन्माला येतो. एकदा आईच्या पोटी आणि दुसऱ्यांदा छापील कागदावर. पहिल्या जन्माला कुणाची शिफारस लागत नाही, म्हणून त्याला फारशी किंमतही नाही. आमच्या गोर्ना लूका गावच्या ‘प्रकाश’ छायाचित्र मंडळाने हे सत्य वेळीच ओळखलं आणि आपल्या सभासदांचे दोन वर्ग केले: छापलेले आणि न छापलेले. दर गुरुवारी वाचनघराच्या वरच्या खोलीत सभा भरते. छापलेले रेडिएटरच्या बाजूला बसतात, न छापलेले दाराकडे, जिथून वारा येतो. (यात कुणाचा अपमान नाही. थंडीने कलावंताची नजर तल्लख होते असं मंडळाचं मत आहे. ते मत रेडिएटरच्या बाजूला ठरलं.)

अध्यक्ष डॉक्टर रांगेल, निवृत्त दंतवैद्य. फार वर्षांपूर्वी दूधसंघाच्या कॅलेंडरवर त्यांना फेब्रुवारी मिळाला होता. धुक्यातला पूल. महिना लहान असला तरी पूल मोठा होता, हे ते स्वतःच नम्रपणे सांगतात.

सभेचं कामकाज शिस्तीचं. प्रत्येकाने भिंतीवर एक फोटो दाखवायचा आणि बाकीच्यांनी तीन मान्यताप्राप्त अभिप्रायांपैकी एक द्यायचा: ‘प्रकाश बोलतो’, ‘शांतता दिसते’ किंवा ‘चौकट जरा डावीकडे हवी होती’. यातला तिसरा न छापलेल्यांसाठी राखीव. घरी गेल्यावर तेच फोटो मंडळाच्या फोनवरच्या गटात चढतात आणि तेच लोक त्यांना पुन्हा शाबासकी देतात. पाहणीत असं आढळलं की एका फोटोला सरासरी एकवीस शाबासक्या मिळतात. मंडळाचे सभासदही एकवीसच आहेत. कलेची जाण जनतेत किती सारखी पसरली आहे, ते यावरून दिसतं.

या मंडळात दाराशी बसणारा एक सभासद होता वेल्चो. व्यवसायाने गाडी शिकवणारा, हौसेने छायाचित्रकार. त्याने मासिकांना सूर्योदय पाठवले, स्पर्धांना सूर्यास्त पाठवले, एका मधवाल्याला बाटलीवरच्या लेबलासाठी मधमाशीसुद्धा पाठवली. मधवाल्याने शेवटी भाच्याकडून माशी काढून घेतली, खडूने. वेल्चोला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, रेडिएटरला पाठ लावून बसायचं होतं.

“ऊब हवी असेल तर घरात शेगडी आहे,” त्याची बायको तिंका म्हणायची.

“तुला नाही कळायचं.”

“कळतं मला. ती ऊब दुसऱ्यांनी बघायला लागते.”

त्या वर्षी मंडळाने स्पर्धा लावली. विषय: ‘चेहऱ्यावरचा काळ’. गावात सुरकुत्यांचा भाव एकदम वधारला. सगळ्यात जास्त सुरकुत्या वेल्चोच्या शेजारणीला, स्तोयना आजीला. सभासद एकेक करून तिच्याकडे जात. काळा रुमाल बांधायला लावत, खिडकीशी बसवत, हनुवटी खाली, नजर दूर. ती बिचारी बसे. ते गेले की रुमाल सोडून कोंबड्यांना दाणे टाकायला पळे. निघालेल्या फोटोंची नावं: ‘एकांत’, ‘एकांत २’, ‘वाट’, ‘शेवटची वाट’. (आजीची लेक मिलका दर रविवारी फोन करते आणि तो फोन तासभर चालतो, याची नोंद कलेच्या सोयीसाठी घेण्यात आली नाही.)

वेल्चो तिच्याकडे पोचला तेव्हा सप्टेंबर होता आणि स्तोयना आजी अंगणात तळहाताएवढ्या गोड मिरच्या भाजत होती.

“आजी, जरा खिन्न हो.”

“का रे? कोण गेलं?”

“कुणी नाही. फोटोसाठी.”

“मिरच्या करपतील, मेल्या. खिन्न कधी होऊ?”

“एकच क्षण. हनुवटी खाली घे. दूर कुठेतरी बघ.”

“दूरचं मला दिसत नाही. परवा त्या पोरीला गाडी शिकवताना तू माझं कुंपण आडवं केलंस, ते जवळचं दिसतंय. तिकडे बघून खिन्न होऊ का?”

आणि आपल्याच बोलण्यावर ती अशी हसली, की हातातली अर्धी सोललेली मिरची निसटायला आली. वेल्चोने दचकून बटण दाबलं.

गुरुवारी फोटो भिंतीवर पडला. खोली गंभीर झाली.

“ही हसते आहे,” डॉक्टर रांगेल म्हणाले.

“हो.”

“का?”

“विनोद झाला म्हणून.”

“कुणाचा?”

“माझा, डॉक्टर.”

डॉक्टरांनी निकाल दिला. ऊन कडक. मिरची अनावश्यक. मागचा रस्त्यावरचा विजेचा खांब थेट म्हातारीच्या डोक्यातून उगवलेला. आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट म्हणजे एवढ्या चांगल्या सुरकुत्या हसण्यात वाया गेल्या. सूर्यफुलांच्या तज्ज्ञ एव्दोकियाबाई तर कळवळून म्हणाल्या, “वेल्चोभाऊ, निदान काळापांढरा तरी करायचा!” चौकट जरा डावीकडे हवी होती, हे सर्वानुमते ठरलं.

थंडी सरता सरता आजी गेली. झोपेत, हलकेच.

आमच्याकडे माणूस गेला की शोकपत्रक निघतं. वर फोटो, खाली नाव, आणि ते फाटकावर, बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, झाडांवर, खांबांवर लागतं. स्पेनहून मिलका आली आणि फोटो शोधू लागली. मंडळाला आपलं कर्तव्य कळलं. डॉक्टर स्वतः चामडी पाकीट घेऊन आले, त्यात सगळे ‘एकांत’ आणि सगळ्या ‘वाटा’.

मिलकाने एकेक पाहिला.

“डॉक्टर, ही कोण?”

“तुमची आई. ‘शेवटची वाट’. हिला प्रदर्शनात दुसरा...”

“माझी आई अशी बसलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. तुम्ही तिची दाढ काढणार होता का?”

तेवढ्यात तिंका भाकरी आणि सूप घेऊन आली. तिने हात पुसले, फोन काढला आणि नवऱ्याने काढलेला आजीचा फोटो समोर धरला. मिलका आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

“हीच. मिरची कापू नका हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्चो छापला गेला.

आता नीट विचार करा, की या प्रकाशनाची बरोबरी दुसरं कुठलं मासिक करील? मासिक लोक चाळतात, शोकपत्रकापुढे थांबतात. टोपी काढतात. चष्मा लावून जवळ जातात. उसासा टाकतात. शिवाय मासिक एकदा फोटो छापतं आणि विसरतं; आमचं पत्रक मरणानंतर चाळिसाव्या दिवशी निघतं, सहामाहीला निघतं, मग दरवर्षी निघतं. एवढी पुनर्मुद्रणं थोरामोठ्यांच्या नशिबी नसतात. एक प्रत तर अंगणासमोरच्या त्याच खांबावर लागली. खांबावर कागद, कागदात आजी, आजीच्या डोक्यातून तोच खांब.

वेल्चो शोकाचा कोट घालून रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि कोण किती वेळ थांबतं ते बघत बसला. बेकरीवाली रडली तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

गुरुवारी तो सरळ जाऊन रेडिएटरशी बसला. पाठ शेकली जेमतेम दोन मिनिटं.

“छापला हे मान्य,” डॉक्टर म्हणाले. “कागद आहे, शाई आहे, वाचकही आहेत. पण छापलं गेलं कोण? त्या कागदावर एकच नाव आहे, वेल्चो, आणि ते तुझं नाही.”

नियमापुढे इलाज नव्हता. वेल्चो उठून दाराशी गेला.

चाळिसावा जवळ आला तशी त्याची झोप उडाली. शेवटी त्याने मिलकाचं फाटक वाजवलं. (फाटकाशेजारचं कुंपण अजून आडवंच होतं.)

“मिलका, बाळा, नव्या पत्रकावर एक बारीकसं... फोटोखाली... माझं नाव.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो बुटांकडे.

“घाला की, काका,” ती म्हणाली. “आईला गंमतच वाटली असती.”

तो लगबगीने अंत्यविधीच्या दुकानात गेला, कारण पत्रकं तिथेच छापतात. बारीक म्हणता म्हणता त्याने ठसा जाड करायला लावला, मग आणखी जाड, शेवटी मृताच्या नावाइतका. त्यामुळे ‘छायाचित्र’ या शब्दाला मुंगी बसेल एवढीच जागा उरली, आणि मुंगी दुरून दिसत नाही. पत्रकावर वर क्रूस, मग हसणारी आजी, मग ठळक अक्षरांत: वेल्चो कारास्लावोव.

एका पत्रकावर दोन मृतांची नावं असणं आमच्याकडे नवं नाही. लोकांनी नाव वाचलं, क्रूस पाहिला आणि जे समजायचं ते समजले.

बेकरीवालीने त्याला पाव देताना तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली.

“वेल्चोभाऊ! तुम्ही... बरे आहात?”

“मजेत!”

“हो का,” ती म्हणाली. “देव तिथे असंच सुखात ठेवो.”

तीन शिकाऊ पोरांनी गाडीचे तास रद्द केले. एकाने दुसरा गुरू शोधला आणि नव्या गुरूसमोर जुन्या गुरूसाठी दोन अश्रूही ढाळले. तिंकाच्या दाराशी शेजारणी मेलेल्याच्या नावाने वाटतात ते साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू घेऊन आल्या. दार वेल्चोनेच उघडलं. त्यांनी वाटी त्याच्या हातात दिली, “तिंकाला सांग, आम्ही येऊन गेलो,” म्हणाल्या आणि वाटेला लागल्या. (कोपऱ्यापर्यंत चालत, पुढे पळत.)

गुरुवारी वेल्चो मुद्दाम उशिरा निघाला. टाळ्या पडायच्या तर सगळे बसलेले असावेत. जिना चढून आला तो आतून डॉक्टरांचा आवाज. दार किलकिलं होतं. भिंतीवर त्याचा फोटो होता, आणि रेडिएटरशी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर मेणबत्ती.

“...आणि हा खांब!” डॉक्टर म्हणत होते. “आपण सामान्य माणसं म्हणालो, डोक्यातून उगवलाय. अरे, उगवायलाच हवा होता! मातीला आभाळाशी जोडणारा तो दुवा वेल्चोने पाहिला. आपण पाहिला नाही.”

“मिरची,” एव्दोकियाबाई हुंदका आवरत म्हणाल्या. “ती मिरची म्हणजे हृदय होतं.”

“चौकट तसूभरही हलवता येणार नाही,” तिसरा म्हणाला.

बाहेर जिन्यावर वेल्चोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत जावं की परत फिरावं? परत फिरला तर तो थोर होता. आत गेला तर जिवंत. त्याने बराच विचार केला. तोवर आत ठराव मांडला गेला: कै. वेल्चो यांस मरणोत्तर छापलेल्यांच्या वर्गात घेण्यात येत आहे. हात वर झाले. एकमताने मंजूर. आणि नेमकी दाराकडच्या त्या वाऱ्याने त्याला शिंक आली.

एव्दोकियाबाई किंचाळल्या. डॉक्टर मात्र अध्यक्ष होते.

“वेल्चो,” ते कडक आवाजात म्हणाले, “हे बरं नाही केलंस. ठराव झालाय.”

“मग राहू द्या ना, डॉक्टर.”

“राहील कसा? त्यात ‘मरणोत्तर’ आहे.”

मंडळाने तिथल्या तिथे विचार केला आणि अत्यंत न्याय्य तोडगा काढला. कौतुक रद्द करण्यात आलेलं नाही; ते स्थगित करण्यात आलं आहे आणि सभासदाची पात्रता पूर्ण होताच आपोआप लागू होईल. तोवर खांब पुन्हा दोष समजावा. मेणबत्ती विझवण्यात आली, उरलेली पुढच्यासाठी कपाटात ठेवली. वेल्चो दाराशी जाऊन बसला.

पण एक झालं. त्या वसंतात लोक वेल्चोच्या अंगणात सहज म्हणून येऊ लागले. सहज आलेल्यांच्या अंगावर चांगला कोट असे आणि भांग नीट पाडलेला असे. “कॅमेरा जवळ आहे का रे? एक फोटो काढून ठेवलेला बरा, पुढेमागे लागतोच,” असं बोलता बोलता म्हणत. बेकरीवाली आली, एव्दोकियाबाई सूर्यफूल न घेता आल्या. एका दुपारी रस्ता दोन्ही बाजूंनी बघून डॉक्टर रांगेल आले.

“मंडळात बोलायचं नाही,” ते म्हणाले.

“नाही बोलणार. खिडकीशी बसता? हनुवटी खाली?”

“छे, छे,” डॉक्टर म्हणाले आणि आडव्या कुंपणापलीकडे, आजीच्या रिकाम्या अंगणात बघत राहिले. “जरा हसताना काढ. आणि... तो खांब आला मागे तरी चालेल.”

हसलात. चांगलं केलंत, हसायलाच बोलावलं होतं. पण एक विचारतो, खरं सांगा. डॉक्टरांचा फेब्रुवारी तुमच्या लक्षात आहे. खांब लक्षात आहे. वेल्चो मेला नव्हता, हेही पक्कं लक्षात आहे. मग खरी गेली ती कोण? तिचं नाव मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हीही गावासारखेच फोटो बघून पुढे गेलात.

स्तोयना तिचं नाव. तिला खिन्न व्हायला सवड नव्हती, मिरच्या करपल्या असत्या. वेल्चोचं काय ते मंडळ त्याच्या वेळेला बघेल. आज घरी जाऊन दिवा लावाल, तेव्हा नाव घ्या ते तिचं.