मंडळी जेवतायत

दत्तूकाकांच्या परड्यात शिरायचं तर चपला फाटकाशीच काढाव्या लागतात. सोवळं वगैरे काही नाही. "हळू ये रे मेल्या, मंडळी जेवतायत!" असं ते दबक्या आवाजात बजावतात. नवखा माणूस पंगत शोधू लागतो. मंडळी म्हणजे चिऱ्यांच्या टाकीतली गांडुळं.

काका आमचे शेजारी. पोफळीच्या वीजगृहातल्या घरघरीने त्यांचे कान अर्धे गेले. निवृत्त होऊन गावी आले आणि पुढे गांडुळांच्या कानाला त्रास नको म्हणून जपू लागले. गांडुळांना कान नसतात हे मी एकदा सांगून पाहिलं, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आंब्याच्या दिवसांत आमरसाच्या कारखान्याचा टेम्पो त्यांच्याकडे साली टाकून जातो. त्या साली शेणात कालवून पंधरा दिवस बाजूला ठेवायच्या, मगच मंडळींना वाढायच्या. "घाई नको, मुरू दे," हे काकांचं ब्रह्मवाक्य. लोणच्याला तेच, भावकीच्या भांडणालाही तेच. माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा वडिलांना त्यांनी हाच सल्ला दिला आणि मी चांगला दोन वर्षं मुरलो.

गेल्या मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते रत्नागिरीला मुलीकडे, सुमाताईकडे गेले. जाताना टाकी माझ्यावर सोपवली. "फक्त पाणी शिंपड. शहाणपणा करू नकोस."

मी शहाणपणा केला. टेम्पो आला, ताज्या सालींचा ढीग पडला. म्हटलं, मंडळींना गरमागरम नाही तर निदान ताजं तरी वाढू, काका खूश होतील. सगळ्या साली थेट टाकीत लोटल्या. तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसला. साली आंबून तापल्या होत्या. एकही गांडूळ जिवंत राहिलं नव्हतं.

काका परतले ते काळा चष्मा लावून. त्यांनी टाकीत मनगटापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नवी आणतो, काका. दापोलीत किलोवर मिळतात."

"मिळतात," म्हणाले आणि आत गेले.

सोबत आलेल्या सुमाताईने मला बाजूला घेतलं. "आईची होती रे ती. दापोलीला गांडूळखत करायला शिकायला गेली होती, तेव्हा डब्यातून मूठभर आणली होती. त्यांचीच ही सगळी पिल्लावळ."

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दापोली गाठली. घरचाच स्टीलचा डबा नेला होता, त्यात ओल्या शेणासकट गांडुळं घेऊन आलो. चपला फाटकाशी काढल्या. काका पायरीवर बसले होते. डब्याकडे बघतच राहिले.

"तिनंही असाच डबा आणला होता," ते म्हणाले. "मी उंबरा ओलांडू दिला नाही. किळस येते म्हटलं. पडवीतसुद्धा नको म्हटलं. ती होती तोवर टाकीकडे फिरकलो नाही रे एकदाही. एकटीच शेण कालवायची."

"टाकीत सोडू?" मी विचारलं.

"टाकी तापलेली आहे अजून. चार दिवस मंडळी घरात राहतील."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि पाय न वाजवता आत घेऊन गेले.