पेशन्सचा निळा ड्रम

चारचौघींत आपणही जरा सुसंस्कृत दिसावं असं विशाखानं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

झालं असं की तिच्या लेकीच्या, यशोधराच्या शाळेत, म्हणजे सीनियर केजीत, फॅन्सी ड्रेस जाहीर झाला. भाजी, फुलं, झाशीची राणी हे आता जुनं झालं म्हणे. नव्या प्रिन्सिपल मॅडमचं फर्मान निघालं की यंदा प्रत्येक मुलानं एकेक 'व्हर्च्यू', म्हणजे सद्गुण, होऊन यायचं. पहिलीचे प्रवेशही त्याच दिवशीच्या 'ऑब्झर्व्हेशन'वर ठरणार. (ही परीक्षा नाही, असं मॅडम पुन्हा पुन्हा सांगायला लागल्या तेव्हा आयांनी ती परीक्षाच धरली.)

ग्रुपवर मेसेज पडायचा अवकाश, दिपालीनं ऑनेस्टी उचलली, अंबिकानं काइंडनेस, कुणी करेज, कुणी डिसिप्लिन. हातगाडीवरची चांगली वांगी आधी वेचावीत तशी. विशाखानं मात्र लिहिलं, 'एनीथिंग इज फाइन, मॅम.' वर एक हात जोडलेला इमोजी. तळाशी पेशन्स उरला होता, तो तिच्या पदरात पडला.

पण पेशन्स अंगात घालायचा कसा? ती गुलमंडीवरच्या भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात गेली.

"नक्को पूछो मॅडम," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला. "कल से सब मम्मी लोगां यहीच पूछरे. ऑनेस्टी में वकील का कोट गया, डिसिप्लिन में हवलदार गया, काइंडनेस में गाय गई."

"मग पेशन्सला काय आहे?"

"कछुआ है. मगर गर्दन टूटेली है. चलता क्या?"

नाही चालला. घरी देवगाव रंगारीहून सासूबाई, केसरबाई, आलेल्या होत्या. त्यांना तिनं समजावून सांगितलं, "आई, पेशन्स म्हणजे धीर. वाट बघायची आणि कुरकुर करायची नाही."

"मंग त्याला कापडं कशाला?" केसरबाई म्हणाल्या. "गप बसव म्हनावं पोरीला."

वाट बघणं म्हटल्यावर विशाखाला एकदम नळ दिसला. या शहरात नळाची जेवढी वाट बघतात तेवढी जावयाचीही कुणी बघत नसेल. बस्स! तिनं पुठ्ठ्याचा निळा ड्रम केला, वर कोरडा नळ चिकटवला, खाली यशूचे पाय. सोबत भाषण: आय ॲम पेशन्स. आय वेट. आय डोन्ट क्राय. आय डोन्ट शाउट.

"शाउटच्या आधी डोन्ट आहे, गधडे! डोन्ट!" विशाखा ओरडून शिकवत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर प्रत्येक मुलानंतर बोलायचे थांबेनात. नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणं, त्यामुळं बाकी सगळ्यांचं आटोपलं तरी यशोधरा राहिलेलीच. ड्रममध्ये बसता येत नव्हतं. ती बिचारी स्टेजच्या पायरीशी उभी होती, चूपचाप. तेवढ्यात विशाखाचा फोन वाजला.

"पानी आलं गं!" केसरबाई. "पर निस्ती करंगळीयेवढी धार हाय."

"मोटर लावा ना आई! फ्रिजमागं बटन आहे."

"मी नाय बाई हात लावनार. शॉक बसंल."

"नाही बसत!"

"तुला काय ठावं? तू तिकडं हायेस."

"अहो आई, लाकडी लाटण्यानं दाबा! पाणी जाईल! पाणी!"

हा शेवटचा शब्द पाहुण्यांच्या भाषणातल्या नेमक्या विरामात सगळ्या हॉलला ऐकू गेला. सगळ्या आया एकाच पाण्याच्या लाइनीवरच्या. लगेच पळापळ. डिसिप्लिनची आई खुर्च्या ओलांडून गेली. ऑनेस्टीची आई "सासऱ्यांना चक्कर आलीय हो," असं टीचरला सांगून सटकली. दारात काइंडनेसच्या गाईनं करेजच्या पायावर पाय दिला आणि करेज भोकाड पसरून रडायला लागला.

विशाखा उलट्या दिशेला, म्हणजे स्टेजकडं धावली. पहिलीचा प्रवेश तर सोडवत नव्हता. तिनं ड्रम यशूसकट उचलून माइकपुढं ठेवला. "बोल! पटापट बोल आणि चल!"

"आय... ॲम... पेशन्स," यशूनं सुरू केलं.

"लवकर गं!"

"आय वेट."

"झालं, पुढं! पुढं!"

"आय डोन्ट क्राय." यशूनं शांतपणे नाक पुसलं. "आय डोन्ट शाउट."

"अगं म्हटलंस ना, चल आता!" विशाखा किंचाळली. ड्रम काखोटीला मारून ती रिक्षात बसली तेव्हा मागून टाळ्या ऐकू आल्या. त्या कुणासाठी होत्या हे बघायला तिला वेळ नव्हता.

घरी पोचली तोवर पाणी गेलेलं. प्रवेशही गेला, असं धरून ती दुपारभर उशीत तोंड खुपसून पडली. (आई म्हणून आपण नापास, ही तिची जुनीच शंका. आता हॉलभर साक्षीदारही मिळाले होते.)

संध्याकाळी प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"कॉन्ग्रॅच्युलेशन्स! यशोधराची पहिलीची सीट पक्की. आणि काय कन्सेप्ट होती हो तुमची! मुलगी पेशन्स आणि शेजारी आई इम्पेशन्स! पाहुणे तर थक्क झाले. गॅदरिंगला हेच परत करायचं."

"अं... हो मॅडम. थँक यू मॅडम." विशाखा उशी बाजूला सारून ताठ बसली. "मग मी रिहर्सलला कधी येऊ?"

"छे! यशोधराला पाठवा. तुम्हाला काय गरज? तुमचं अगदी नॅचरल आहे."

फोन ठेवला तर दारात केसरबाई उभ्या. सगळं ऐकलेलं.

"टिकीट लावनार हाय का शाळा?" त्यांनी विचारलं. "आमी आपलं रोज फुकटात बघतो."