रवळनाथाने निवडलेली हॉटेलं

कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात मी केशतेलाची एक बाटली विकत घेतली, एवढाच काय तो माझा गुन्हा. (ज्यांनी मला पाहिले आहे त्यांनी इथेच हसून घ्यावे. माझ्या डोक्यावरचे केस शोधायला दोन माणसे लागतात, आणि त्यातला एक तरी आशावादी असावा लागतो.) खरे तर मी कचेरीच्या खुर्च्यांसाठी वेत आणायला गेलो होतो. पण गुरुदासच्या दुकानाच्या फळीवर रंगीत कागद चिकटवला होता : 'नागवेणी केशतेल वापरा, जोडप्याने जग पाहा.' मी वेत विसरलो आणि बाटली घेतली.

हे अठ्ठावन्न साल. त्या वेळी आमच्याकडे जग पाहायचे दोनच मार्ग होते. एक म्हणजे बोटीवर खलाशी व्हायचे, आणि दुसरा म्हणजे मुंबईला गिरणीत चिकटायचे आणि तेच जग म्हणायचे. मी पडलो मालवणच्या मामलेदार कचेरीतला कारकून. मला होडीतसुद्धा उलटी होते. तेव्हा तेलाशिवाय मला तरणोपाय नव्हता.

बाटलीबरोबर एक पत्रक होते. कैरो, रोम, पॅरिस आणि लंडन अशी विमानाने सहल. प्रत्येक शहरातल्या तीन हॉटेलांची माहिती दिली होती, अ, ब आणि क. त्यातले जोडप्याला सर्वांत सोयीचे कोणते ते आपण निवडायचे, बाटलीचे लेबल जोडून कागद मुंबईला पाठवायचा. तज्ज्ञांनी केलेली निवड म्हणे लाखेने बंद केलेल्या पाकिटात होती. तिच्याशी ज्याचे उत्तर तंतोतंत जुळेल तो आपल्या बायकोला घेऊन त्याच हॉटेलांत राहून येणार. मला वाटले, यात काय कठीण आहे? बावीस वर्षे मी सरकारी कागद वाचतोय. चार शहरांतली चार हॉटेलं मला कळू नयेत?

घरी येऊन मी पत्रक मथुरेला वाचून दाखवले. मथुरा म्हणजे आमचे कुटुंब. तिचे शिक्षण चौथीपर्यंत आणि मते मात्र एम. ए. पर्यंत.

"कैरोत 'अ'," मी म्हणालो. "खिडकीतून पिरॅमिड दिसतात."

"पिरॅमिड म्हणजे काय ता?"

"जुन्या राजांची थडगी."

"सकाळी उठान पयला दर्शन थडग्याचा घेतलंव? 'ब' लिवा. बाजाराजवळ आसा म्हणतत. मासळी तरी मिळात."

रोमला तिने 'क' म्हटले, कारण ते चर्चच्या शेजारी होते. देव कोणाचाही असो, देवळाशेजारी राहणारी माणसे भांडखोर नसतात असे तिचे मत. (आमचे घर देवळाशेजारीच आहे.) पॅरिसला 'अ' हॉटेलात रोज नृत्याचा कार्यक्रम होता. त्या देशाची संस्कृती समजून घ्यावी एवढ्याच हेतूने मी 'अ' म्हणालो. मथुरेने माझ्याकडे नुसते पाहिले. मीच आपण होऊन 'ब' म्हणालो.

खरी लढाई लंडनला झाली. 'क' हे केवढे थोरले हॉटेल, चारशे खोल्या, प्रत्येक खोलीत टेलिफोन. 'अ' म्हणजे कोणा विधवा बाईने चालवलेले आठ खोल्यांचे घरगुती प्रकरण.

"कोणाक फोन करतलास?" मथुरेने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. साऱ्या लंडनमध्ये माझ्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि आमच्या गावात टेलिफोन नव्हता.

"पण मान आहे त्याला," मी म्हणालो.

"'अ' वाचा परत. शेवटची ओळ."

मी वाचली. 'पाहुण्यांना सकाळचा चहा खोलीत आणून दिला जातो.'

"लगीन झाल्यापासून सतरा वर्सां मीच चूल पेटवतंय," मथुरा म्हणाली. "एक दिस तरी मिया निजान रवान आणि कोणीतरी चाय हाडून दिल्यान, असा बगूचा आसा माका. एक दिस. मगे लंडन नाय बघलंय तरी चलात."

मला एकदम वाईट वाटले. (चहा आपणही करून देऊ शकतो, हे मात्र त्या क्षणी सुचले नाही. ते मला आत्ता, लिहिताना सुचले.) तरी चारशे टेलिफोन डोक्यातून जाईनात. शेवटी आम्ही शेजारच्या बाबली सारंगाला बोलावले. बाबलीने तीस वर्षे बोटीवर काढून सगळी बंदरे पाहिली होती.

बाबलीने पत्रक लांब धरून पाहिले. "रोमाक बोट जायत नाय," तो म्हणाला. "जंय बोट जायत नाय त्या गावाचा काय खरा नाय. लंडन माका ठावक आसा. गोदीच्या भायर एक खाणावळ आसा, थंय बांगडो बरो भाजतत. ती हेच्यात खंय आसा?"

ती नव्हती. त्यावर बाबलीने सगळे पत्रकच खोटे असल्याचा निर्वाळा दिला आणि जाताना सुचवले, "येवडा डोक्याक ताप कित्याक? देवाक इचार."

आमच्याकडे घर बांधायचे असो, मुलगी द्यायची असो की म्हैस घ्यायची असो, रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या लावतो, सर्वांदेखत गाऱ्हाणे घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण आजवर देवाला हॉटेल कोणी विचारले नव्हते. दत्ताराम गुरवाने पत्रक दोनदा वाचून घेतले आणि घसा साफ केला. सोमवार होता. सभामंडप भरलेला होता.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा, आज ह्यो तुजो परशराम तुज्या पायांकडे इलो हा. तेका बायलेक घेवन विलायतेक जावचा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडपातले शंभरेक लोक म्हणाले.

"थंय कैरो नावाच्या शेरात तीन हाटेला आसत. 'अ' हाटेलात थडगी दिसतत. ता बरोबर आसात, तर उजवी दी रे म्हाराजा."

डावी पडली. 'ब' ला उजवी पडली. मंडपात समाधानाचा सूर उमटला. रोमला 'क'. पॅरिसच्या 'अ'चे वर्णन दत्तारामने जरा जास्तच खुलवून सांगितले, आणि पाकळी इतक्या तातडीने डावीकडे पडली की पुढच्या बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. लंडनला टेलिफोन गेले आणि विधवा बाई आली. मथुरेने डोळे मिटून हात जोडले. मी मात्र हिशेब केला : चारही ठिकाणी देव बायकोच्या बाजूने. हा योगायोग नव्हे, हा पक्षपात.

दुसऱ्या दिवशी कागद टाकायला मी मालवणच्या पोस्टात गेलो. पेटीपर्यंत हात गेला आणि थांबला. मनात म्हटले, रवळनाथ आपल्या हद्दीत थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लंडन त्याच्या हद्दीत येते का? आमच्या कचेरीत कणकवलीचा कागदसुद्धा आम्ही 'कार्यक्षेत्राबाहेर' म्हणून परत करतो. मी पाकीट उघडले, लंडनचा 'अ' खोडला, 'क' लिहिला, आणि नियमाप्रमाणे शेजारी 'खाडाखोड बरोबर' असे लिहून सही ठोकली. मग डिंक लावून पाकीट पेटीत टाकले. मथुरेला सांगितले नाही. बक्षीस आल्यावर सांगू म्हटले.

पुढल्या पंधरा दिवसांत गावात एक विचित्र गोष्ट घडू लागली. जिकडे जावे तिकडे गोडसर वास. पाणवठ्यावर वास, तालमीत वास, भजनाला बसलो तर टाळांना वास. बाबली सारंगाची दाढीसुद्धा चकाकू लागली. शिमगा जवळ आला म्हणून लोक नटताहेत, असे मला वाटले. (मी महसूल खात्यात आहे. आमच्या खात्यात माणसाचे निरीक्षण फार दांडगे असते.) कुडाळहून आलेल्या एकाने सांगितले की गुरुदासच्या दुकानात नागवेणीची एकही बाटली उरलेली नाही, त्याने मुंबईहून बोटीने आणखी खोकी मागवली आहेत. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला निकाल लागला तेव्हा. कचेरीत पेपर आला. कैरो 'ब'. रोम 'क'. पॅरिस 'ब'. मी उभा राहिलो. लंडन 'अ'. मी बसलो. खुर्चीला वेत नव्हताच, तेव्हा मी जरा जास्तच बसलो, आणि मला दोघा शिपायांनी ओढून बाहेर काढले.

त्याखाली बारीक अक्षरात छापले होते : 'अचूक उत्तरे त्रेसष्ट. सर्व एकाच गावातील. चौकशी चालू आहे.'

चार दिवसांनी कंपनीचे एक साहेब, कोट घालून, बोटीने मालवणला उतरले. मामलेदारांनी त्यांना माझ्या स्वाधीन केले, कारण गाव माझे.

"बंद पाकिटातली माहिती फुटली आहे," साहेब म्हणाले. "फोडणारा कोण, त्याचे नाव मला हवे."

मी त्यांना देवळात घेऊन गेलो. सगळा गाव जमला होता आणि सगळ्या गावाने एकमुखाने गाभाऱ्याकडे बोट दाखवले.

साहेबांनी वही काढली. "पूर्ण नाव?"

"देव रवळनाथ," दत्ताराम म्हणाला. "वडलांचा नाव लिवची गरज नाय."

सगळा प्रकार समजून घ्यायला साहेबांना तासभर लागला. मग ते हताशपणे पायरीवर टेकले. अकराव्या नियमाप्रमाणे बक्षीस समान वाटायचे होते, आणि त्रेसष्ट जोडप्यांत एक विमान वाटले तर ते मालवणच्या किनाऱ्यावरून उठून शेजारच्या देवबागच्या टोकालाही पोचत नव्हते. कंपनी बुडेल, आपली नोकरी जाईल, असे ते म्हणू लागले. गावाला त्यांची दया आली. दत्तारामने पाकळ्या लावल्या आणि विलायतेच्या ऐवजी आंबोली चालेल का, असे देवाला विचारले. उजवी पडली. तीन एस. टी. गाड्या, विश्रामगृहात दोन दिवस मुक्काम, जेवणखाण कंपनीकडून. साहेबांनी देवाला साष्टांग नमस्कार घातला आणि यादी वाचायला घेतली.

यादीत बाबली सारंग होता. दत्ताराम गुरव होता. आमचा दूधवाला होता. सगळ्यांनी माझे गाऱ्हाणे ऐकून, देवाचे उत्तर जसेच्या तसे उतरवून पाठवले होते. यादी संपली.

"तुमचे नाव नाही?" साहेबांनी मला विचारले. मग कागद चाळून ते म्हणाले, "हां, एक खाडाखोड केलेला होता खरा. सहीसकट. आम्ही कार्यालयात सगळ्यांना दाखवला तो."

मी मथुरेकडे बघायचे टाळले. पण साहेबांनी एक चिकटलेले पान सुटे केले आणि शेवटचे नाव वाचले : "सौभाग्यवती मथुरा परशुराम."

"राधाबायन तेल घेतल्यान, तिका लेबल नको होता," मथुरा शांतपणे म्हणाली. राधाबाई म्हणजे आमच्या पलीकडच्या परड्यातल्या. "तुमी पोस्टात जावक निगालास तेवा तुमच्या खिशात पेन बघलंय. माका भय वाटला. म्हणान माजो कागद येगळो धाडलंय."

रागावली असती तर बरे झाले असते. ती हसत होती. मी मान खाली घालून म्हणालो की चूक झाली, आणि ते मी मनापासून म्हणालो. मग माझ्या लक्षात आले की प्रत्येक विजेत्याने एक जोडीदार आणायचा आहे. सतरा वर्षे मी तिचा जोडीदारच होतो. मी घरी जाऊन कोट उन्हात टाकला, बुटांना पॉलिश केले, आंबोलीत थंडी असते म्हणून कानटोपी शोधली. आंबोलीला तिला सकाळी चहा येईल तेव्हा मी शेजारी असेन, एवढे मला पुरे होते.

मथुरा मात्र अडखळत होती. "राधाबायचा लेबल," ती म्हणाली. "तिणा घाट कधी बघूक नाय. आणि तुमी माजे घोव. मी कोणाक न्हेवू, कोणाक दुखवू? देवाक इचारूया."

सोमवारी पुन्हा मंडप भरला. मी पुढे, इस्त्रीच्या कोटात, हातात कानटोपी. राधाबाई खांबाला टेकून. दत्तारामने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा, आज ही तुजी मथुरा तुज्या पायांकडे इली हा. तिका आंबोलीक जावचा आसा. तर आपल्या घोवाक..."

डावी पाकळी पडली.

"माजा इचारून झाला नाय अजून," दत्ताराम देवाला म्हणाला.

डावीकडची दुसरीही पडली. दत्ताराम थांबला. त्याने माझ्या कोटाकडे पाहिले, कानटोपीकडे पाहिले, आणि उरलेल्या पाकळ्या ताटात काढून ठेवू लागला.

"व्हय म्हाराजा," एकट्या राधाबाई म्हणाल्या.