उपाध्यक्षांनी आणलेला महाभियोग

गच्चीला कुलूप लागलं त्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वर त्यांच्या टोमॅटोच्या कुंड्या सुकत होत्या आणि किल्ली सोसायटीच्या अध्यक्षांच्या खिशात होती. डॉक्टर स्वतः उपाध्यक्ष, पण त्या पदाला काळं कुत्रंही विचारत नव्हतं.

"महाभियोगच आणतो त्यांच्यावर," ते बायकोला म्हणाले.

"आणा. पण आधी चहा प्या, निवतोय."

सोसायटीची नियमावली नागरिकशास्त्राच्या निवृत्त बाईंनी हौसेने थेट राष्ट्रपतिपदाच्या धर्तीवर बेतली होती. एका विंगने आरोप ठेवायचा, दुसऱ्या विंगने चौकशी करायची, आणि दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं हवीत. डॉक्टरांनी घाईघाईत पहिलंच वाक्य वाचलं. आपल्या विंगमध्ये घरोघर फिरून त्यांनी ठराव मंजूर करून घेतला आणि पक्कड घेऊन थेट गच्ची गाठायला निघाले.

जिन्यात बाई भेटल्या. "हे काय, पक्कड कशाला?"

"कुलूप तोडायला. अध्यक्ष गेले ना आता."

"कुठे गेलेत? आत्ता नुसता आरोप झालाय. दुसरी विंग निकाल देईपर्यंत ते खुर्चीवरच. आणि ते गेले की खुर्ची उपाध्यक्षांकडे. पुढचं वाचलंच नाहीत वाटतं?"

डॉक्टर पायरीवरच बसले. पाणी गेलं की अध्यक्ष, लिफ्ट अडकली की अध्यक्ष, शेजारी भांडले की अध्यक्ष. तो माणूस अर्ध्या आंघोळीतून दार उघडताना त्यांनी स्वतः पाहिला होता.

संध्याकाळी ते दुसऱ्या विंगमध्ये दारोदार हिंडत होते. "देवमाणूस आहे हो. राहू द्या त्यांना."

"मग आरोप कुणी ठेवला?"

"रागाच्या भरात होतं असं."

दुसऱ्या विंगच्या सभेत डॉक्टरांना एका जागी बसवेना. बाईंनी आरोप वाचला, अध्यक्षांना बाजू मांडायला सांगितलं. "काही म्हणणं नाही," ते म्हणाले. हात वर झाले. बाईंनी मोजले, डॉक्टरांनीही मोजले. अध्यक्षांना काढायला एक मत कमी पडत होतं. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाई, मी याच विंगमध्ये राहतो," अध्यक्ष म्हणाले. "मला मत आहे ना?"

"आहे की."

अध्यक्षांनी शांतपणे हात वर केला. मग ते डॉक्टरांजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "तीनदा राजीनामा दिला, एकदाही मंजूर केला नाहीत तुम्ही लोकांनी. शेवटी म्हटलं, तुमचे टोमॅटोच अडवावेत."