सतरा शाली आणि एक रिकामी टोपली

एका जंगलात, बाळांनो, दोन मित्र राहत होते. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तिथल्या रहिवाशांच्या भावना फार लवकर दुखावतात आणि मग मोर्चा निघतो.

एक होता दामोदर साळिंदर. दुसरा गुणाजी खवल्या मांजर. दामोदर बोलका, चारचौघांत उठून दिसणारा. गुणाजी इतका लाजाळू, की कोणी नुसतं "वा!" म्हटलं तरी अंगाचं मुटकुळं करून चेंडू व्हायचा आणि तासभर उलगडायचा नाही.

लहानपणी वाऱ्याने उडत आलेलं कॅलेंडरचं एक पान त्यांना करवंदीच्या जाळीत सापडलं होतं. त्यावर प्राग नावाच्या शहराचं चित्र होतं. जुना मनोरा आणि मनोऱ्यावर भलंमोठं घड्याळ. दर हिवाळ्यात तिकडून येणारे करकोचे सांगायचे, "त्या घड्याळावरचा सोन्याचा कोंबडा तासातासाला आरवतो."

"एकदा आपण त्याच्याखाली उभं राहून ऐकायचं," दामोदर म्हणाला होता.

"दोघांनी," गुणाजी म्हणाला होता. ते पान त्याने बिळात जपून ठेवलं होतं.

यंदा योग आला. करकोच्यांनी दोन टोपल्या न्यायचं कबूल केलं. फाल्गुनात जायचं, आश्विनात परत. अट एकच. सूर्य मोठ्या सागाच्या शेंड्यावर आला की उड्डाण.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण बातमी गौरव समितीला लागली.

त्या जंगलात, मुलांनो, एक फार चांगली प्रथा होती. परदेशी जाणाऱ्याचा सत्कार तो जाण्याआधीच करायचा. परत आल्यावर केला तर तो नको ते खरंखुरं सांगत बसतो. आता त्या जंगलातून परदेशी जाणार कोण? तरस तळ्यापलीकडे मावशीकडे गेला, तेव्हा समितीने त्याच्यावरच भागवलं होतं. त्यामुळे प्राग म्हटल्यावर समितीच्या तोंडाला पाणी सुटलं.

आधी ते गुणाजीकडे गेले. टाळ्या वाजताच त्याचा चेंडू झाला. चेंडूला हार घालून बघितला, घरंगळला. समितीने हार उचलला आणि दामोदरकडे नेला.

दामोदरच्या काट्यांवर हार झकास बसला. शालही बसली, ती तर निघेचना. दुसऱ्या दिवशी माकडांच्या मंडळाने दुसरी शाल घातली. मग घुबडांचं वाचनालय, मग रानडुकरांची पतसंस्था. आठवड्याभरात दामोदर बोहारणीच्या गाठोड्यासारखा दिसू लागला. आपल्याला हे सगळं इतकं आवडेल हे त्याला ठाऊकच नव्हतं.

निघायच्या सकाळी सतरावा सत्कार होता. अध्यक्ष रानगवे नुकतेच बोलायला उभे राहिले होते. गुणाजी धापा टाकत मांडवामागे आला.

"दामू, चल. सूर्य सागावर आलाय."

"अरे, दोनच भाषणं राहिलीत. मग आभारप्रदर्शन. असं मधूनच उठणं बरं दिसतं का?"

"दामू, कोंबडा!"

"कोंबडा कुठे पळून जातोय का? त्यांना म्हणावं, जरा थांबा. आपल्याच घरचं कार्य समजा."

गुणाजीने जाऊन निरोप सांगितला. म्होरक्या करकोचा म्हणाला, "आमच्या घरी कार्य नाही." आणि पंख पसरले.

बुकिंग दोघांचं होतं. करकोचे नियमाचे पक्के. त्यांनी दोन्ही टोपल्या उचलल्या, एक भरलेली, एक रिकामी.

रानगवे दुपारपर्यंत बोलले. विषय होता, वेळेचं महत्त्व.

आभार संपले तेव्हा आभाळ मोकळं होतं. दामोदरचा चेहरा उतरला. समितीची तातडीची बैठक बसली. सतरा शाली परत द्यायच्या, तर सतरा संस्थांचा अपमान. शिवाय त्या काट्यांतून निघणार कशा? शेवटी एकमताने ठराव झाला, की दामोदर साळिंदर प्रागला गेलेले आहेत.

मग काय! उन्हाळा-पावसाळाभर बिचारा बिळात बसून होता. कधी पाय मोकळे करायला बाहेर पडलाच तर शेजारी दटावायचे.

"अहो, तुम्ही इथे कसे? तुम्ही प्रागला आहात ना?"

"हो हो. चुकलंच." की पुन्हा आत.

आश्विनात करकोचे आले. दामोदर बिळातून निघून मांडवात गेला आणि त्याचं जंगी स्वागत झालं. गुणाजी तळ्याकाठी उतरला. तिथे कुणीच नव्हतं.

"काय रे, दिसला नाहीस बरेच दिवस?" वाटेत कोल्ह्याने विचारलं.

"प्रागला गेलो होतो."

"काहीतरीच! तुझा सत्कार कुठे झाला होता?"

गुणाजी आपला बिळाकडे चालू लागला. तुमच्याकडे आहे का याचं उत्तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी दामोदर त्याच्या बिळाशी आला. पालापाचोळा उकरत उभा राहिला.

"गुण्या, कसं होतं रे?"

गुणाजीला खूप राग आला होता. महिनोन्महिने साठवलेला राग. पण मित्र समोर दिसला आणि तो विरघळला. मऊ स्वभावाची हीच खोड.

"पहिल्याच दिवशी घड्याळापाशी गेलो. तुझी टोपली शेजारी ठेवली. बारा वाजले आणि कोंबडा आरवला. पण काय सांगू, घसा बसल्यासारखा! फुस्स! मला इतकं हसू आलं. तुला दाखवावं म्हणून वळलो, तर टोपली."

"मग?"

"मग हसू गेलं. तरी रोज टोपली घेऊन जायचो. शब्द दोघांचा होता ना."

दामोदरच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं पाणी, उगाच कशाला नावं ठेवा? डोळे पुसत तो म्हणाला, "आणखी सांग." गुणाजीने दुपारपर्यंत सगळं सांगितलं. दगडी पूल, नदी, चुकलेल्या गल्ल्या, सगळं.

संध्याकाळी दामोदरचं जाहीर व्याख्यान होतं, 'माझे प्राग'. गुणाजी मागच्या रांगेत बसला.

"बारा वाजले," दामोदर म्हणाला, "आणि कोंबडा आरवला. घसा बसल्यासारखा! मला हसू आलं. मित्राला दाखवावं म्हणून मी वळलो. शेजारी रिकामी टोपली होती." तो पाणी प्यायला. "दोघांनी जायचं ठरलं होतं, मंडळी. ऐन वेळी तो आला नाही. पण माझ्या मनात राग नाही. मी त्याला माफ केलंय."

सगळा मांडव मुसमुसला. मग सगळ्या माना मागे वळल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणाजीचा जागच्या जागी चेंडू झाला.

"शरमला बघा," रानगवे म्हणाले आणि त्यांनी दामोदरला अठरावी शाल घातली.

मांडव रिकामा झाला. चेंडू मात्र तिथेच होता. दामोदर त्याच्यापाशी थांबला. त्याने "गुण्या" म्हणून हाकही मारली. पण तेवढ्यात समितीने चहाला बोलावलं आणि चहा नाकारणं काही बरं दिसलं नसतं.

तात्पर्य : परदेशी जाताना जिवाभावाचा मित्र सोबत असावाच. म्हणजे एकाला सत्कार घेता येतो आणि दुसऱ्याला जाऊन येता येतं.