बाबांचे गुडघे आणि एक्क्याण्णव अंश

"अर्धा तास या खोलीत कुणीही पाऊल टाकायचं नाही! श्वाससुद्धा बाहेरच घ्यायचा!" असं घरभर बजावून परीक्षकानं दार ओढून घेतलं आणि स्वतःही बाहेर येऊन बसला.

परीक्षक म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा परीक्षक. नवीन कॅबिनेट आलं, की त्यात आपला कॉम्प्युटर बसवायचा, वायरी लपवायला जागा किती, हवा कुठून शिरते नि कुठून निघते ते बघायचं. मग कॉम्प्युटरला अर्धा तास पिट्ट्या पडेपर्यंत राबवायचं आणि आतलं तापमान लिहून घ्यायचं. माणसाच्या नुसत्या बसण्यानंही खोली तापते, म्हणून ती रिकामी ठेवायची. आजवर तो एका मासिकात दुसऱ्यांच्या लेखांतल्या चुका काढत आला होता. हे त्याचं पहिलंच स्वतःचं परीक्षण. संध्याकाळी सहापर्यंत ते नीट गेलं तर परीक्षकाची खुर्ची कायमची, नाहीतर पुन्हा चुका काढणं.

कॅबिनेट होतं मात्र देखणं. पुढे ऐसपैस जाळी, मागे भलामोठा पंखा, आत इतकी जागा की बायको म्हणाली, "आपल्या कपाटापेक्षा बरंय रे!"

अर्ध्या तासानं आकडा आला एक्क्याऐंशी अंश. हवा होता सत्तरच्या आत.

"छे! वायरी आड येत असणार." त्यानं सगळं उघडलं, वायरी विंचरल्यासारख्या सरळ केल्या, कपाटाखाली गेलेला स्क्रू पोटावर सरपटत काढला. पुन्हा अर्धा तास. अठ्ठ्याऐंशी! मग प्रोसेसरवरचा कूलर उपसून उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, थोडी नाकालाही लागली. एक्क्याण्णव!

"तू दुरुस्त करतोयस की बिघडवतोयस?" बायकोनं विचारलं.

त्याचं टाळकंच सटकलं. 'दिसायला राजबिंडं, पण कूलिंगच्या नावानं बोंब' असं ठणकावून लिहिलं आणि पाठवून दिलं. दहाव्या मिनिटाला संपादकबाईंचा फोन.

"अहो, बाकी सगळ्यांकडे अडुसष्ट आलंय. तुमच्याकडेच कसं एक्क्याण्णव? आपलं हसं होईल. सहाला मी पान लावतेय, त्याआधी काय ते बघा."

आता कॉम्प्युटरपेक्षा तोच जास्त तापला. चौथी चाचणी लावून तो बाहेर नखं कुरतडत बसला.

"बाबांची कमाल आहे हं," बायको म्हणाली. "गुडघ्याचा पट्टा इथेच पडलाय आणि सकाळपासून तीनदा जिना चढले-उतरले. एकदाही 'आई गं' नाही!"

"आहेत कुठे?"

"गॅलरीत बसतो म्हणाले."

गॅलरीचं एक दार त्याच खोलीत उघडत होतं. परीक्षक ताडकन उठला.

कॅबिनेटच्या मागे स्टूल टाकून, पँट मांड्यांपर्यंत गुंडाळून, दोन्ही गुडघे पंख्याला लावून बाबा पेपर वाचत होते. पुढच्या जाळीवर त्यांची जाड शाल चारी बाजूंनी खोचलेली होती.

"बाबा! ही शाल काढा आधी!"

"अरे, नको ना! ती काढली की नुसती कोमट येते. सकाळी चुकून तिथे घसरली, आणि काय सांगू, अशी झकास गरम हवा सुटली! मग दरवेळी जरा नीट खोचत गेलो."

"दरवेळी?"

"तू चिडशील म्हणून तू यायच्या आत आवरून जायचो. तुला त्रास नको."

परीक्षकाला हसू आवरेना. शाल निघाली, बाबा निघाले, गॅलरीच्या दाराला कडी लागली. आकडा आला सदुसष्ट. सहाला पाच मिनिटं असताना नवं परीक्षण गेलं. कूलिंग, दहापैकी नऊ. "आता कसं!" संपादकबाई म्हणाल्या. "पुढचंही तुम्हीच करा. खुर्ची तुमचीच."

घरात आनंदीआनंद झाला. बाबांनी मात्र एकदा गुडघा पंख्याला लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"एकदम टुकार पेटी. दहापैकी शून्य." आणि कण्हत कण्हत पट्टा बांधायला घेतला.

परीक्षकाला ते बघवेना. त्यानं जुन्या लेखांतून सगळ्यात कमी गुण मिळालेलं कॅबिनेट शोधून काढलं. घरात एक जुना कॉम्प्युटर पडूनच होता. त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"ते कॅबिनेट? साहेब, ते कुणी घेत नाही. आधीच सांगतो, मागून नुसती भट्टी पेटते."

"मागूनच ना? मग आजच पाठवा."